यांना चालू द्यावे का?

सा. न. वि. वि.

आमचे हे एसटीत चालक होते. आता वय ६७. गेल्या दिवाळीनंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुण्याला नेऊन अँजिओप्लास्टी केली, एक स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हळूहळू फिरायला लागा." पण हळूहळू म्हणजे किती, हे काही आम्हाला कळले नाही. मुलगा म्हणतो, उगाच जोखीम नको. मी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही. दिवसभर टीव्हीसमोर असतात, वजन वाढलेय, चिडचिड वाढलीय. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सकाळी फिरायला गेले आणि रस्त्यातच कोसळले, तेव्हापासून माझा धीर होत नाही. मुलाने मनगटावर बांधायचा पट्टा आणलाय, त्यावर रोज दहा हजार पावले झाली पाहिजेत म्हणे. यांना मात्र पुढच्या आषाढीला माउलींबरोबर चालायचेय. नोकरीत असताना नेमकी तेव्हाच जादा गाड्यांवर ड्युटी लागायची, त्यामुळे ते कधी जमले नाही. यांना चालू द्यावे का? किती? माझे विचाराल तर मला शुगर आहे, गोळी चालू आहे. अलीकडे बाजाराची पिशवी घेऊन चढ चढले की छातीत भरल्यासारखे होते. पित्त असावे, थांबले की बरे वाटते.

– एक वाचक भगिनी, सातारा

ताई,

पत्र तुम्ही यजमानांसाठी लिहिलेत, पण उत्तर मी तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांपासून सुरू करणार आहे. चढ चढताना छातीत भरून येते आणि थांबले की उतरते, याला पित्त म्हणायचे नाही. पित्ताचे नाते जेवणाशी आणि जेवून लगेच आडवे होण्याशी असते. श्रमाबरोबर येणारी आणि विसावल्यावर जाणारी छातीतली जडता ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते, आणि तपासून तसे नाही असे ठरेपर्यंत ती तशीच आहे असे धरून चालायचे. त्यात तुम्हाला मधुमेह आहे. मधुमेहात ही कळ बोथट होते, कधी कळ नसतेच, नुसता दम लागतो किंवा जबडा, पाठ, खांदा अवघडतो. आपल्याकडच्या बायका हे सगळे "वय झाले" आणि "पित्त झाले" या दोन खात्यांत जमा करून टाकतात.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ईसीजी काढतील. तो चांगला आला म्हणून "बघा, काही नव्हतेच" असे म्हणत घरी येऊ नका. आडवे पडून काढलेला ईसीजी रक्तवाहिनी अरुंद झालेली असतानाही निर्दोष येऊ शकतो. "चढताना होते, थांबले की जाते" हे वाक्य डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा, म्हणजे पुढची इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा ताणचाचणी (चालवून काढलेला ईसीजी) करायची की नाही हे ते ठरवतील. तोवर बाजाराची पिशवी मुलाने आणायची. आणि हेच दुखणे बसल्या जागी सुरू झाले, किंवा थांबूनही पाच-दहा मिनिटांत गेले नाही, किंवा सोबत घाम फुटला, तर जिरे-सोडा घेऊन वाट बघायची नाही, मुलगा कामावरून येईपर्यंतही नाही. सरळ १०८ ला फोन लावायचा.

आता यजमानांकडे वळतो.

तुमची भीती मला कळते, आणि ती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. जोरकस श्रम चालू असताना आणि त्यानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण कोणाची आणि किती, हे बघा. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झटक्यातून वाचलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना "झटक्याच्या आधीच्या तासात तुम्ही काय करत होतात?" असे विचारले गेले. ज्यांना आठवड्यातून एकदाही अंगमेहनतीची सवय नव्हती, त्यांच्यात जोरकस श्रमाच्या वेळी धोका एरवीच्या १०७ पट निघाला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा अंगमेहनत करणाऱ्यांत तो अडीच पटही भरला नाही. एका तासापुरती झटक्याची शक्यता मुळात अगदी लहान असते, म्हणून १०७ या आकड्याने घाबरून जाऊ नका. फरक मात्र ध्यानात घ्या. धोका आहे तो बसून राहिलेल्या माणसाने अचानक जोर करण्यात. यजमानांना त्यांच्या भाषेत सांगा: गाडी आठ महिने डेपोत उभी ठेवायची आणि एके दिवशी भरल्या सिटांनी थेट खंबाटकी घाटात घालायची, तर काय होईल? तुम्ही त्यांना बादली उचलू देत नाही. पण कधीतरी सुटत्या गाडीमागे धावायची, बंद पडलेली स्कूटर ढकलायची, तुम्ही घरात नसताना सिलिंडर सरकवायची वेळ येणारच आहे. त्या दिवसासाठी शरीर तयार ठेवायचे की बेसावध, एवढेच आपल्या हातात आहे.

शेजारच्या गृहस्थांचे काय झाले, हे मला सांगता येणार नाही. त्यांना आधीपासून काय होते, किती जोरात चालत होते, काहीच ठाऊक नाही. माणसे झोपेतही जातात, म्हणून कोणी पलंग विकून टाकत नाही. झटके पहाटे आणि सकाळी थोडे जास्त येतात हे खरे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली सकाळी व्यायाम करणाऱ्या हृदयरुग्णांना संध्याकाळी करणाऱ्यांपेक्षा जास्त अपाय झाल्याचे दिसलेले नाही. साताऱ्याची डिसेंबर-जानेवारीतली थंडी मात्र वेगळी. गार वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. थंडीत ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. नेमून पाच वाजताच निघण्यात कसलाही पराक्रम नाही.

हृदयरुग्णाला निजवून ठेवण्याची रीत जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटक्यानंतर सहा-सहा आठवडे बिछान्यात ठेवत, आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन काही माणसे त्या विश्रांतीनेच दगावत. विश्रांतीने शरीराचे काय होते, हे १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये मोजून पाहिले गेले. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यात पडून राहायला लावले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की तीन आठवड्यांच्या लोळण्याने त्यांची श्रम करण्याची ताकद जेवढी घटली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयानेही घटली नव्हती. मग पन्नाशीतल्या त्या माणसांना सहा महिने बेताबेताने व्यायाम दिला, आणि वयाने नेलेली ताकद बरीचशी परत आली.

यजमानांना आवडेल अशी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. व्यायाम आणि हृदय यांचे नाते पहिल्यांदा पक्के दिसले ते बसमध्येच. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना जेरी मॉरिस या डॉक्टरांनी केली आणि १९५३ साली ती छापून आली. पगार, वस्ती, खाणेपिणे साधारण सारखे. पण चालक दिवसभर बसून, आणि वाहक तिकिटे फाडत दिवसाला काहीशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकार वाहकांना कमी झालेला दिसला, आणि ज्यांना झाला त्यांना तो उतारवयात आणि सौम्य. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे काढून दाखवले की चालक नोकरीला लागतानाच कमरेने रुंद होते, म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा त्या शोधाइतकाच आवडतो. तरीही पुढच्या सत्तर वर्षांत जगभर जे दिसत गेले, ते त्याच दिशेचे आहे. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. आमच्या एसटीच्या चालकाला तर बसण्याच्या जोडीला अवेळी जेवण, मुक्कामी गाडीवरची अर्धवट झोप आणि इंजिनाची धग. यजमानांच्या हृदयाने बरेच सोसले आहे. त्याला आता टीव्हीसमोरची ड्युटी देऊ नका.

किती चालावे? आधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी विचारून घ्या: इकोत हृदयाची पंप करण्याची ताकद किती आली, आणि ताणचाचणीची गरज आहे का. पुण्याच्या काही मोठ्या रुग्णालयांत हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवतात, तसे काही जमले तर फारच उत्तम. नाही जमले आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, तर सपाट रस्त्यावर दहा मिनिटे सकाळी आणि दहा मिनिटे संध्याकाळी, एवढ्यावर सुरुवात करा. पहिली दोन-तीन मिनिटे रमतगमत, शेवटची दोन-तीन तशीच. भरधाव चालून एकदम कट्ट्यावर बसकण मारायची नाही. त्याने रक्त पायांत साठते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हे आठवडाभर पचले की दर चार-पाच दिवसांनी दोन-दोन मिनिटे वाढवायची. दीड-दोन महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास, असा हिशोब बसतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते, त्यात हे बसते. चार भिंतीच्या टेकडीची चढण अजून काही महिने नको, अजिंक्यतारा तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो हे मी जाणतो. नाहीच सापडला तर शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या.

मध्यम श्रम ओळखायची सोपी खूण आहे. चालता चालता शेजाऱ्याशी बोलता यावे, पण अभंग सुरात म्हणता येऊ नये. सुरात म्हणता आला तर थोडा वेग वाढवायचा. वाक्य तोडून तोडून बोलावे लागले तर कमी करायचा. मनगटावरच्या पट्ट्यात दिसणाऱ्या नाडीच्या ठोक्यांवर भिस्त नको. झटक्यानंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी देतात. तिच्यामुळे श्रमातही नाडी फार वाढत नाही, आणि श्रमात नाडी जास्तीत जास्त किती जावी हे सांगणारे "२२० वजा वय" हे सूत्र लागूच पडत नाही. गोळी चालू आहे का, चिठ्ठीत बघून घ्या.

त्या दहा हजार पावलांचे काय? तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विक्रीला आले, त्याचे नावच "दहा हजार पावलांचा मापक" असे होते. तेव्हापासून तो जगभर चिकटून बसलाय. २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास आला. दिवसाला २,७०० च्या आसपास पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांनंतर आणखी फायदा दिसला नाही. ज्या आधीच धडधाकट त्याच जास्त चालल्या, असेही त्यात थोडे असणार. मुलाला सांगा, पट्टा राहू दे, आकडा बदल. आज किती पावले होतात ते आठवडाभर नुसते बघा, मग हजाराने वाढवा.

चालण्याइतकीच महत्त्वाची पण घरोघर विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पायांची ताकद आणि तोल. यजमानांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणार. अशा माणसाच्या डोक्याला पडून मार लागला तर आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त. तेव्हा पडणे टाळायचे, हाही हृदयाच्या उपचाराचाच भाग. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला तळवे लावून उभ्याने जोर काढणे, धरायला काही जवळ ठेवून एका पायावर उभे राहणे, असे आठवड्यातून दोन-तीनदा केले तरी सहा महिन्यांत मोरीत जाताना-येताना फरक कळेल. मात्र जोर लावताना श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. शौचाला कुंथण्यातही हाच श्वास रोखला जातो, म्हणून पोट साफ ठेवा, इसबगोल चालेल. बादली? अर्धी भरून उचलू द्या. सिलिंडर नको. जेवल्यावर तास-दीड तास व्यायाम नको.

टीव्हीवर बघून कपालभाती सुरू केली असेल तर सध्या थांबवा, डॉक्टरांना विचारून मग बघू. श्वास रोखण्याचे प्रकार आणि शीर्षासनही नको. बाकी हलकी आसने आणि सावकाश श्वसन खुशाल करावे. भारतात २४ केंद्रांवर, झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२० साली आला. मृत्यू आणि पुन्हा झटका यांत ठाम फरक सिद्ध झाला नाही, पण योग करणारे आपल्या रोजच्या कामांना अधिक चांगले परतले आणि त्यांना बरे वाटत होते. हेही काही थोडे नाही. योग चालण्यासोबत करा, चालण्याऐवजी किंवा गोळ्यांऐवजी नको. दात काढायचा म्हणून कोणी रक्त पातळ ठेवायची गोळी थांबवायला सांगितली, तर स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

जेवणाचे तुम्ही काही विचारले नाही, म्हणून थोडक्यात. भाकरी, उसळ, पालेभाजी हे तुमच्याकडचे जेवण मुळात चांगलेच आहे. बिघडवतात ते पापड, लोणचे, फरसाण आणि ठेच्यातले मीठ. सगळे धरून दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. कंदी पेढा सणासुदीला एखादा, आणि तोही यजमानांना. तुम्हाला नाही.

पत्रात तंबाखूचा उल्लेख नाही, पण रात्रीच्या गाडीवर तंबाखू-चुन्याशिवाय जागलेले चालक मला फार भेटलेले नाहीत. विडी सोडली आणि तंबाखू राहिली, असे असेल तर तीही हृदयाला तेवढ्यापुरते जोरात धडधडायला लावते, रक्तदाब चढवते. तुमच्या घरात मिश्री असेल तर तुमच्यासाठीही हेच. हे सुटल्याशिवाय बाकीच्या मेहनतीचे निम्मे मोल वाया जाते.

आणखी एक, जे पत्रात कोणीच लिहीत नाही. झटक्यानंतर नवरा-बायकोचे नाते निजायच्या खोलीपुरते तरी भीतीनेच थांबते. दोन जिने छातीत न दुखता आणि फार धाप न लागता चढता येत असतील, तर त्यात सहसा भीतीचे कारण नसते. फक्त सॉर्बिट्रेटसारखी जिभेखालची गोळी आणि पुरुषी ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या या दोन्ही एकत्र कधीही नकोत. रक्तदाब इतका उतरतो की जीव जाऊ शकतो. जिभेखालची गोळी घेतानाही बसून घ्यायची, उभ्याने नाही.

आता आषाढी. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरांची वाट आणि पुणे-सासवडचा तो तीस किलोमीटरांवरचा, दिवे घाट चढायचा दिवस, याला माझा पुढच्या वर्षीपुरता नकार आहे. पण वारीला नकार नाही. पालखी तुमच्याच जिल्ह्यातून जाते. लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान आहे, आठेक किलोमीटर, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण. यजमानांनी आतापासून अर्ध्या तासावर येऊन, मग दर पंधरवड्याला एक दिवस थोडे लांब चालत नेले आणि मे महिन्यापर्यंत दीड-दोन तास थांबत-थांबत चालता आले, तर डॉक्टरांना विचारून हा टप्पा जमावा. तुम्ही सोबत चालणार की गाडीने तरडगावला पुढे जाऊन थांबणार, हे तुमच्या तपासण्या झाल्यावर ठरेल.

चपला किंवा बूट महिनाभर आधी पायात मुरलेले हवेत. छातीत काही वाटले, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, गरगरले, तर रांग सोडून कडेला बसायचे आणि दिंडीतल्या कोणाला तरी हाक मारायची. वाटेत वैद्यकीय पथके असतात, त्यांना गाठायचे. पाणी घोटघोट घेत राहायचे. सकाळच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि गोळ्यांची पुडी, औषधांची चिठ्ठी, स्टेंटचे कार्ड हे सगळे दिंडीच्या ट्रकात ठेवलेल्या पिशवीत नको. ट्रक पुढे निघून जातो. ते यजमानांच्या सदऱ्याच्या खिशात असू द्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कारण त्या दिवसांत पाऊस असतोच.